हात सोडू नका

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकल्यावर मागच्या रांगेतली काही पुरुष मंडळी चहाला उठली. जाऊ द्या. त्यांना घरी गेल्यावर तुम्ही सांगा.

पाळी थांबल्यावर शरीरात काय होतं, हे आरोग्यसेविका म्हणून मी तीस वर्षं बायकांना सांगितलं. इस्ट्रोजेन कमी होतं, अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप मोडते. हे आपल्याला कळतं तरी. कळत नाही ते हे, की त्यानंतरच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. मला सगळं पाठ होतं. तरी तीन वर्षांपूर्वी आपल्याच जिन्यात शेवटच्या पायरीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. तपासणीत कळलं, हाडं ठिसूळ झाली आहेत. प्लॅस्टर निघालं, पण भीती काही निघाली नाही. मी फिरायला जाणंच बंद केलं.

त्याच सुमारास मुलाने नातवासाठी नाचाचा व्हिडिओ गेम आणला. टीव्हीवर एक आकृती नाचते, आपण समोर उभं राहून आरशात बघितल्यासारखं तिच्याबरोबर नाचायचं. हातातलं यंत्र हालचाल टिपतं आणि गुण देतं. 'जस्ट डान्स' हा त्यातला गाजलेला खेळ 2009 साली आला. त्याआधी, 1998 मध्ये, जपानमध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आला होता. त्यात पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण असतात आणि पडद्यावर दिसेल त्या बाणावर पाय द्यायचा असतो.

नातू म्हणाला, "आजी, तू बसूनच खेळ." सोफ्यावर बसून नुसता हात हलवला, तरी गुण मिळाले! मला हसू आलं. यंत्र फसलं, पण हाडं कशी फसणार? पायांवर वजन घेऊन हालचाल केली, तरच कमरेच्या आणि पायांच्या हाडांना काम मिळतं.

तेव्हा मला वावर आठवलं. जव्हार तालुक्यातलं वावर. 1992-93 मध्ये वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्रभर गेलं, ते कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे. त्यानंतरच्या वर्षांत माझी नोकरी त्या भागात झाली. तिथल्या बायकांचं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पाणी लांबून आणायचं, पावसाळा संपला की कामासाठी गाव सोडायचं. पण भात कापून झालं, तारपा वाजू लागला, की म्हाताऱ्याही नाचात उतरत. सुकवलेल्या दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य. वाजवणारा मधे, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली साखळी. त्याने सूर बदलला की सगळ्यांची पावलं बदलत. एका आजीने मला ओढून घेतलं आणि म्हणाली, "बाई, पाय चुकला तरी चालंल, हात सोडू नको."

टीव्हीवरची ती आकृती म्हणजे आपला तारपावाला. पावलं तीच दाखवते. पण साखळी तिच्याकडे नाही, ती आपणच करायची. म्हणून गेले आठ महिने आम्ही सहा-सातजणी माझ्या हॉलमध्ये एकत्र खेळतो. गुण कुणाला किती, ते बघत नाही. मी आता जिना उतरते. कठडा धरून, पण उतरते.

काही गोष्टी लक्षात ठेवा. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हवा, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एकदम नको, दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पायात घट्ट बूट हवेत, सपाता नकोत. शेजारी भक्कम खुर्ची ठेवा. हाड मोडलेलं असेल, गुडघे दुखत असतील, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उड्या आणि गिरक्या आमच्यात बंद आहेत. खाण्यात नाचणी असू द्या, शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थोडं जरी, तर लाजू नका. लगेच डॉक्टरकडे जा.

आता कार्यकारिणीला एक विनंती. माझा हॉल दहा बाय बाराचा, सातवी आली की हात भिंतीला लागतो. सोसायटीच्या सभागृहातला टीव्ही क्रिकेटचे सामने सोडले तर बंदच असतो. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुपारी चार ते पाच, सभागृह आम्हाला द्या. विजेचं बिल आम्ही वर्गणीतून भरू.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा कडेवर मुलं होती. आता हात मोकळे झालेत. ते एकमेकींना देऊ या.