‘कळलं का?’ विचारू नका, उत्तर लिहायला लावा

आजचा एपिसोड शिकवणाऱ्यांसाठी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. फ्रेशर्सच्या मुलाखती घेताना एक गोष्ट सारखी दिसते. लूपची व्याख्या घडाघडा येते. पण चार ओळींचा कोड समोर ठेवून ‘काय छापलं जाईल?’ विचारलं, की शांतता. पोरं हुशार आहेत हो. चार वर्षं फळ्यावरचं वहीत उतरवलं, स्वतःचं उत्तर ठरवायची वेळच कधी आली नाही.

आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात, साडेचारशेच्या आसपास मुलांसमोर, यावर ‘थिंक-पेअर-शेअर’ वापरलं गेलं. ही पद्धत मूळ अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांची, १९८१ची. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग वर्गात चर्चा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली.

उदाहरण बघा. लूप एक ते तीन. प्रत्येक फेरीत बेरजेत तो आकडा मिळवायचा. पण ‘बेरीज = ०’ ही ओळ लूपच्या आत आहे. शेवटी बेरीज किती? कुणी सहा लिहील, कुणी तीन. आता दोघांना एकमेकांना पटवू द्या. दर फेरीला बेरीज पुन्हा शून्य होते, म्हणून उत्तर तीन, हे मुलंच शोधतील.

इथे घाई नडते. एकट्याने लिहायची ती दोन मिनिटं गाळून थेट ‘चर्चा करा’ म्हटलं, तर हुशार मुलगा बोलतो, बाकीचे माना डोलावतात. मागच्या बाकावरची गप्प मुलगी गप्पच राहते. लिहिलेलं उत्तर चुकीचं असलं तरी तिचं स्वतःचं असतं, आणि ते का चुकलं हे तिला जाणून घ्यायचं असतं.

हे फक्त आयआयटीत जमतं असं नाही. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांनी करून, बोलून, लिहून शिकावं हाच त्यांचा आग्रह होता.

सिलॅबस संपत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून तासाला एकच प्रश्न घ्या. पाच-सात मिनिटं जातील. पण कुणाचं कुठे अडलंय ते परीक्षेच्या आधी कळेल.