लेकीला आणायला गेले आणि गडचिरोली पाहून आले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. असे उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या लेकीला गेल्या साली गडचिरोली जिल्ह्यात परिचारिकेची नोकरी लागली. हुकूम आला तेव्हा मी हातातले लाटणे टाकून रडत बसले. तिकडे नेमणूक म्हणजे शिक्षा, असेच आपण ऐकत आलो. रान, हिवताप आणि वर्तमानपत्रातल्या गोळीबाराच्या बातम्या! तिला परत आणायचे ठरवूनच मी हिवाळ्यात गेले. ती म्हणाली, "आई, आधी चार दिवस बघ, मग बोल."

पहिल्यांदा तिने मला चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला नेले. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते. काठावर जुन्या देवळांचा समूह आहे. भिंतीभर कोरलेल्या मूर्ती पाहून मान दुखते, पण डोळे भरत नाहीत. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते.

पुढे आलापल्लीचे सागाचे रान. त्यातला 'वनवैभव' नावाचा जुन्या झाडांचा तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. बुंध्याला कवेत घ्यायला गेले, तर माझे दोन्ही हात पुरेनात. कमलापूरला वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. पूर्वी हत्ती तिथे लाकडाचे ओंडके ओढीत.

शेवटी सिरोंचा. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते. पैलतीरी तेलंगणातले काळेश्वर. बाजारात तेलुगू कानावर पडते. जवळच वडधमला झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत. याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ जमिनीतून एका प्रचंड प्राण्याची हाडे निघाली. खोदकाम झाले त्या १९६१ साली रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती, म्हणून त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात टागोरांचे नाव घातले. तो सांगाडा आता कोलकात्यात आहे.

पण मैत्रिणींनो, माझे मन फिरले ते दवाखान्याच्या ओट्यावर. एक माडिया आजी तापाने फणफणलेली नात कडेवर घेऊन पायी आली होती. तिची भाषा मला कळेना. लेक मात्र तिच्याशी मोडके-तोडके बोलत होती. नातीला औषध पाजून झाल्यावर आजीने लेकीचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. घरी चल, हे शब्द माझ्या तोंडून निघालेच नाहीत. मी एकटीच परतले.

आपली सहल दरवर्षी त्याच त्या ठिकाणी जाते. यंदा मार्कंडा, आलापल्ली, सिरोंचा असा बेत करावा, अशी माझी विनंती आहे. थंडीत जावे, पावसाळ्यात नाले भरून रस्ते बंद होतात. मच्छरदाणी बरोबर घ्यावी, वाटाड्या तिथलाच घ्यावा. आणि कुणाच्या अंगणात जायचे तर पाहुणी म्हणून जावे, तमाशा बघायला नव्हे.

वाटेत लेकीच्या दवाखान्यापाशी थांबू. चहा ती करील.