जिंकणे, पिकवणे, विकणे : स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे चेन्नईत मनःपूर्वक स्वागत करतो.

या शहरात स्वागताध्यक्ष म्हणून उभे राहताना सर टी. माधवरावांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिसेंबर 1887मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी आणि स्वागताध्यक्ष होते माधवराव. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेला, मद्रासला शिकलेला हा मराठी माणूस त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचा दिवाण झाला. कावेरीकाठच्या गावात असे मराठी घर आले कुठून आणि तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या नांदले कसे, हे शोधू लागलो की जिंकणे, पिकवणे आणि विकणे या तीन गोष्टींपाशी आपण येऊन थांबतो. या संमेलनाचा विषयही तोच आहे.

जिंकण्यापासून सुरुवात करतो. 1677च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज या शहराजवळून पुढे गेले, तेव्हा फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांनी त्यांच्याकडे नजराणा धाडला. त्याच मोहिमेत जिंजी स्वराज्यात आली. बारा वर्षांनी राजाराम महाराजांना याच किल्ल्याने आसरा दिला. झुल्फिकारखानाचा वेढा कित्येक वर्षे चालला आणि 1698मध्ये जिंजी पडली. युनेस्कोने 2025मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा जिंजीचा. तिथे गेलात तर तटबंदी दिसेल, धान्याची कोठारे दिसतील आणि पराक्रमाने ऊर भरून येईल. पण मराठ्यांनी तिथे रुजवलेली गावे, गाणी, विद्या शोधू गेलात तर फारसे हाती लागणार नाही.

आता तंजावर पाहा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे 1675-76च्या सुमारास तिथे गादीवर बसले. तेही जिंकूनच. मग फरक कशाने पडला? माझे उत्तर आहे, भाताने. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी शेकडो कालव्यांनी त्या खोऱ्यात पसरते. कुरुवै, सांबा, ताळडी अशी भाताची पिके निघतात. या सुपीक मुलखामुळेच, जिंजीला वेढा पडला तेव्हा, रसद पुरवणाऱ्यांत व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजेही होते. पण घोड्यावरून आलेल्या माणसाला अशा मुलखात फार काळ घोड्यावर बसून राहता येत नाही. कालवा गाळाने भरला की सारा बुडतो, म्हणून पाण्याची व्यवस्था जाणणाऱ्या स्थानिक माणसाचे ऐकावे लागते, त्याची भाषा शिकावी लागते.

भोसले राजे ती शिकले. शहाजीराजांनी तेलुगूत आणि मराठीत नाटके लिहिली. 1693मध्ये त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना इनाम दिले. त्या गावाच्या भाताने ग्रंथ पोसले. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या सहचरी मुक्तांबाबाईंच्या नावाने ओरत्तनाडला छत्र, म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा, उभे राहिले. अशा छत्रांतून रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू जेवत, मुले शिकत, आजाऱ्यांना औषध मिळे. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना घातला आणि मुंबईत मराठी छपाई रुजण्याआधी इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापून घेतल्या. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघेही याच राज्यातल्या तिरुवारूरचे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला, तो तंजावरच्या दरबारातच. आमच्या कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी हरिकथा घडवली. आज तमिळ श्रोते तिला आपली मानतात, आणि ती त्यांचीच आहे.

हे सांगताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. इनाम घेणाऱ्यांच्या नोंदी आपल्याला मिळतात, पण गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या बांधील शेतमजुरांची नावे कुणी कोरून ठेवली नाहीत. 1781मध्ये हैदरअलीच्या फौजांनी ते खोरे उद्ध्वस्त केले, तेव्हा आधी उपाशी मेले ते हेच लोक. संस्कृतीचा अभिमान बाळगताना तिचा खर्च कुणी सोसला, हे या संमेलनाने विचारलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट विकण्याची. आपण बसलो आहोत ते शहर व्यापारातूनच जन्मले. धड बंदर नसलेल्या या किनाऱ्यावर 1639मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जागा मिळवली ती कापडासाठी. 1734मध्ये चिंताद्रीपेट वसले ते विणकरांसाठी. कापड धुणाऱ्यांची वस्ती वॉशरमनपेट आणि सावकारांची सावकारपेट. आमच्या शहराचा नकाशाच धंद्याने आखला आहे. पण तागडी घेऊन आलेल्या याच कंपनीने फौज बाळगली, कर्जाच्या आणि तहांच्या फासात तंजावर अडकवले, 1799मध्ये कारभार घेतला आणि 1855मध्ये वारस नाही म्हणून राज्यच खालसा केले. बाजार आणि फौज एका हाती आली की काय होते, याचा धडा इथून तंजावरपर्यंतच्या वाटेवर आहे.

याच बाजाराची दुसरी बाजू मी घरात पाहिली. माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावाहून मद्रासला आले. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात पावसाने पाठ फिरवली की शेतात काही उरत नसे. घरटी एकजण गलाईच्या कामाला बाहेर पडे. जुने दागिने वितळवायचे, आम्लाने सोने शुद्ध करायचे आणि सराफाला गुंजभरही कमी न करता परत द्यायचे. या धंद्याचे भांडवल म्हणजे विश्वास. अनोळखी तमिळ सराफांनी तो टाकला म्हणून आमची घरे उभी राहिली, गावाकडच्या विहिरी बांधून झाल्या, मुले शिकली. तंजावरचे लोक दौलतीमागून आले, आम्ही दुष्काळामागून आलो. दोघांनाही या मातीने सामावून घेतले.

म्हणून माझे सांगणे इतकेच. जिंकल्याने माणूस एखाद्या मुलखात शिरतो. तिथल्या शेतात आणि बाजारात इतरांच्या बरोबरीने राबला तरच तो तिथला होतो. आणि जी संस्कृती देताना घेतेही, तीच सत्ता गेल्यावर मागे उरते. तंजावरचे राज्य जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी तिथल्या घरांतून मराठी अजून कानी पडते, ती याच कारणाने.

या संमेलनाकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. सरस्वती महालातले मोडी दफ्तर वाचू शकणारी तरुण माणसे महाराष्ट्राने आणि तमिळनाडूने मिळून तयार करावीत. त्यात सनदांबरोबर सारा, कालवे, मजुरी आणि छत्रांचे हिशेबही वाचले जावेत. तंजावरी मराठी बोलणारे वडीलधारे आपल्यात आहेत तोवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ती बोली अशुद्ध म्हणून कुणी हिणवू नये. आणि मुंबई-पुण्यात पोट भरायला येणाऱ्या परप्रांतीयाकडे पाहताना, परमुलखात नांदणाऱ्या आपल्या लाखो माणसांची आठवण ठेवावी. आम्हाला इथे जो विश्वास मिळाला, तो तिथे इतरांना देणे हे आपले देणे आहे.

पुढच्या सत्रांत इतिहासकार, शेतीचे जाणकार आणि व्यापारी एकाच व्यासपीठावर बोलणार आहेत. त्यांनी मोकळेपणाने मतभेद मांडावेत आणि तमिळ स्नेह्यांनी आपली बाजू तितक्याच मोकळेपणाने सांगावी, अशी विनंती करतो. पुन्हा एकवार आपणा सर्वांचे स्वागत करून, संमेलनाध्यक्षांनी कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत अशी प्रार्थना करतो.