दुरुस्ती बसवली का?



डिसेंबर 2021.
'लॉग-फोर-जे' या मोफत सॉफ्टवेअर लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली.
या लायब्ररीचं काम साधं…
सर्व्हरवर काय घडलं, त्याची नोंद ठेवणं.
पण जावा या संगणकभाषेतल्या असंख्य प्रणाली तिच्यावर उभ्या होत्या.
माइनक्राफ्ट या खेळात तर चॅटमध्ये एक ओळ टाकली,
की सर्व्हर परक्याच्या हाती!

ही लायब्ररी सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेच्या स्वयंसेवकांनी दुरुस्ती दिली.
ती अपुरी ठरली.
मग दुसरी… मग तिसरी.

पण दुरुस्ती निघाली, म्हणजे बसली असं नव्हे.
पुण्याच्या आयटी भागांत, हिंजवडी असो वा खराडी, अवघड प्रश्न एकच…
ही लायब्ररी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे दडली आहे?
सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी नसेल, तर शोधणार कुठे?

म्हणून पुणेकरांनो,
तुमच्या दुकानाचं, सोसायटीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना आजच विचारा…
दुरुस्ती निघाली, ठीक.
बसवली का?