किहीमची सुगरण : परसात झालेला एक अभ्यास



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वाटचालीविषयी, निकालांविषयी आणि नामवंत विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते उचितच आहे. या व्याख्यानाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. प्रत्येक वर्गात खिडकीपाशी बसणारे एक मूल असते. फळ्यावर गणित चालू असते आणि त्याची नजर बाहेरच्या झाडावर चढणाऱ्या खारीवर खिळलेली असते. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा पडतो. घरी तो शेरा वाचला जातो, त्यावर बोलणीही खावी लागतात. त्या मुलाच्या वतीने आज थोडे बोलायचे आहे, आणि त्यासाठी एका घराच्या परसात झालेल्या अभ्यासाची हकिगत सांगायची आहे.

मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. १२ नोव्हेंबर १८९६ हा त्यांचा जन्मदिवस. आईवडिलांचे छत्र त्यांनी अगदी लहानपणी गमावले आणि मामा-मामींनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला हसून घालवले नाही. त्यांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील पेटाऱ्यांची कवाडे त्याच्यासाठी उघडली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला तो वेळ पुढे देशाच्या उपयोगी पडला.

परंतु पुढची वाट सरळ नव्हती. सलीम अलींपाशी विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, आणि तेवढ्या कारणाने प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागातील नोकरी त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याचे काम मिळाले. १९२८ मध्ये ते रजा घेऊन जर्मनीत गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. वय तेहतीस, पाठीशी संसार, परदेशात घेतलेले शिक्षण आणि हातात काहीच काम नाही, अशी ती अवस्था होती. आजच्या भाषेत बोलायचे तर एक बेरोजगार गृहस्थ.

मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या गावी राहायला गेले. समुद्रकाठ, नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या मागे भातखाचरे, असे ते कोकणातले गाव. नातेवाइकांच्या दृष्टीने हे मागे सरणेच होते. पावसाळा आला आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत बसली. सुगरणीची घरटी त्यापूर्वी कोट्यवधी लोकांनी पाहिली होती. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा ताडा-माडाच्या झावळ्यांना लोंबणारी ती घरटी कोणाला नवी आहेत? सलीम अलींनी वेगळे केले ते एवढेच की ते रोज तेथे जाऊन बसले, पाहिले ते लिहून ठेवले, आणि संपूर्ण हंगाम तसे करीत राहिले.

त्या नोंदींतून जे उलगडले ते असे. घरटे विणतो तो नर. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर झळाळता पिवळा रंग चढतो. एरवी तो चिमणीच्या मादीसारखा साधा दिसतो. भाताच्या पात्यांच्या आणि झावळ्यांच्या लांब चिरट्या चोचीने फाडून आणून तो विणकाम करतो. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होऊ शकतात आणि सुमारे १८ दिवस लागतात. घरटे अर्धे होऊन घंटेसारखा आकार आला की नर थांबतो. मग मादी पाहणीला येते. आत शिरते, निरखते. तिला पसंत पडले तर जोडी जमते आणि नर खालची लांब नळी विणून घर पुरे करतो. पसंत पडले नाही तर ते अर्धे घरटे तसेच लोंबत राहते. विहिरीवर दिसणारी अर्धवट घरटी पुष्कळदा अशी नाकारलेली असतात.

पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. मादी अंडी उबवू लागली की नर शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. एका हंगामात एकामागून एक अशा दोन-तीन जोड्या तो जमवू शकतो. सुगरणीच्या जीवनातील हा क्रम पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो किहीममध्ये. १९३१ मध्ये तो अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि नोकरी गमावलेल्या त्या गृहस्थाचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले. त्यानंतर त्यांनी संस्थानांना कळवले की पगार नको, मोहिमेचा खर्च तेवढा द्यावा, पक्ष्यांची पाहणी करून देतो. १९४१ मधील त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि पुढे डिलन रिप्ले यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथ हे सारे त्यानंतरचे.

मराठी वाचकाला या शोधात एक खास गंमत जाणवावी. आपल्या भाषेने या पक्ष्याला नाव दिले ‘सुगरण’. शब्द स्त्रीलिंगी, आणि अर्थही गृहिणीच्या कौशल्याचा. बहिणाबाई चौधरींच्या खोप्यावरील कवितेतही घर बांधणारी आहे ती आई. ती कविता आपल्यापैकी अनेकांनी याच शाळेच्या बाकांवर बसून म्हटली असेल. मग भाषा चुकली काय? पूर्ण चुकली असे म्हणवत नाही. नर घर विणून देतो हे खरे, परंतु आतली अखेरची सजावट बहुधा मादी करते. अंडी तीच उबवते आणि पिलांना किडे भरवण्याचा बहुतेक भार तिच्यावरच असतो. घरट्यात सतत ये-जा करताना लोकांना ती दिसली, म्हणून घरही तिचेच ठरले असावे. लोकांनी पाहिले होते, पण हंगामभर कोणी मोजून पाहिले नव्हते. कवितेतील आईपण खरेच आहे आणि विणकाम नराचे हेही खरे आहे. निरीक्षणाने कविता खोटी पडत नाही. तिच्या शेजारी दुसरे एक सत्य येऊन बसते.

असा अभ्यास परसात होऊ शकतो याचे याहून जुने उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सेलबर्न या खेड्यातील गिल्बर्ट व्हाइट नावाच्या धर्मोपदेशकाने आयुष्याचा मोठा भाग आपल्या गावी, आपली बाग आणि आसपासचे रान पाहण्यात घालवला. दिसायला जवळजवळ सारख्या अशा तीन लहान वटवट्या पक्ष्यांना त्याने त्यांच्या गाण्यावरून वेगळे ओळखले. मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपातील त्याचे पुस्तक १७८९ मध्ये निघाले आणि आजही वाचले जाते. व्हाइट आणि सलीम अली या दोघांपाशी एक गोष्ट समान होती. दोघेही एका जागी पुन्हा पुन्हा बसले. दूरच्या अरण्यात एकदा जाऊन आल्याने पुष्कळ प्राणी दिसतात, परंतु एखाद्या पक्ष्याचे वर्ष कसे जाते ते कळण्यासाठी रोज दिसणारी जागाच लागते.

आता बेंगळुरूकडे वळू. किहीमचा वारसा या शहरातही आला आहे. सलीम अलींचे नातलग आणि सहकारी जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधे वार्तापत्र सुरू केले. देशभरातील हौशी माणसे आपापल्या बागेतील, गावातील नोंदी त्यात पाठवीत. फतेहअली पुढे बेंगळुरूत स्थायिक झाले. येथेच १९७२ मध्ये डॉ. जोसेफ जॉर्ज यांनी पक्षिनिरीक्षकांचे मंडळ उभे केले. लालबागेत जमून पक्षी पाहण्याची प्रथा त्या मंडळाने रुजवली. १९९४ मध्ये त्याने बेंगळुरूच्या पक्ष्यांची सटीप सूची प्रसिद्ध केली. २००७ मध्ये याच शहरातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या नोंदींचा उपक्रम आरंभला. त्यात सामान्य नागरिकांनी फक्त आपल्या परिसरात अमुक पक्षी पहिल्यांदा कधी दिसला ते कळवायचे होते.

अशा लहान नोंदी एकत्र आल्या की काय घडते ते २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालात दिसले. सुमारे साडेपंधरा हजार पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. चिमणी नाहीशी होत आहे असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. अहवालाने सांगितले की देश म्हणून पाहता चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण बेंगळुरू, मुंबई, दिल्ली यांसारख्या महानगरांत ती हळूहळू घटत आहे. म्हणजे आपल्या घरातली हळहळ खरी होती, मात्र ती आपल्या शहरापुरती होती. आपल्याच घरांतील मुले आज ‘चिऊताई’ आणि ‘गुब्बच्ची’ हे दोन्ही शब्द जाणतात. त्या दोन शब्दांचा पक्षी त्यांच्या खिडकीत येतो का, हा प्रश्न मात्र उरतोच.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ घर कोकणात, बेळगावकडे, कोल्हापूर-साताऱ्याकडे आहे. सुट्टीत मुले तेथे जातात, आणि दोन दिवसांत ‘इथे करण्यासारखे काही नाही’ अशी तक्रार सुरू होते. त्या परसात करण्यासारखे पुष्कळ आहे. शिंपी पक्षी कोणत्या झाडाची पाने शिवतो? तांबटाचे ‘टुक् टुक्’ दिवसाच्या कोणत्या वेळी सर्वांत जास्त ऐकू येते? दयाळ पहाटे नेमका किती वाजता गाऊ लागतो? पहिल्या पावसानंतर कितव्या रात्री बेडूक ओरडू लागले? मुंगूस कोणत्या वाटेने येते? अडगळीत दिसलेली धामण मारण्याआधी आजोबांनी तिला उंदीर धरताना कितीदा पाहिले आहे, हेही विचारावे. धामण बिनविषारी असते आणि शेतकऱ्याचे धान्य राखते. ही उत्तरे गावातल्या वडीलधाऱ्यांपाशी असतात. पद्मश्री मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत आदिवासी आणि रानातल्या माणसांकडून अशीच माहिती आणि पक्ष्यांची नावे गोळा केली. त्यांच्या ‘पक्षीकोशा’त मराठीची ती संपत्ती साठलेली आहे.

या अभ्यासाला दुर्बीण लागतेच असे नाही. एक वही पुरते. तारीख, वेळ, जागा, पक्षी, आणि तो काय करीत होता, एवढे पाच रकाने आखावेत. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ताडलेले वेगळे लिहावे. ओळखू न आलेल्या पक्ष्यापुढे ‘ओळखला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट तेथूनच सुरू झाली होती. घरट्याला हात लावू नये, छायाचित्रासाठी फांद्या बाजूला सारू नयेत, कारण उघडे पडलेले घरटे कावळ्याला लगेच दिसते. उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर या चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबरपर्यंत पक्षी सप्ताह साजरा होतो. फेब्रुवारीत जगभर परसातील पक्ष्यांची चार दिवसांची गणना असते आणि तिच्यात पंधरा मिनिटांची नोंदही चालते. वहीचा आरंभ यांपैकी कोणत्याही दिवशी करता येईल.

प्रत्येक वही लिहिणारे मूल सलीम अली होईल असे नाही, आणि तशी अपेक्षाही नको. पण जे मूल महिनाभर एका घरट्याकडे पाहून खरे तेवढेच लिहायला शिकते, ते पुढे कोणत्याही कामात पाहिल्याशिवाय बोलणार नाही. शाळा ज्याला शिक्षण म्हणते त्यातला बराचसा भाग हाच आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या वाट्याला कधी नोकरी सुटल्याचे, वाट अडल्याचे वर्ष आले असेल, तर किहीमचा तो पावसाळा त्यांनीही आठवावा.

पालकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी प्रगतिपुस्तकात ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा दिसला, तर सही करण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून विचारावे, ‘मग बाळ, खिडकीतून काय दिसत होतं?’ उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. मिलर्डसाहेबांनी तेच केले होते.