महानुभाव पंथातील प्रश्नकर्त्या स्त्रिया



एखादा पंथ कोणी उभारला असे विचारले, की आचार्यांची नावे तत्काळ ओठांवर येतात. त्या आचार्यांपुढे बसून प्रश्न कोणी विचारले आणि ऐकलेले वचन कोणी जपले, ह्याची चौकशी क्वचितच होते. तेराव्या शतकात महाराष्ट्रात उदयास आलेल्या महानुभाव पंथापुरती ही चौकशी सुकर झाली, ह्याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतील विदुषी ॲन फेल्डहाउस ह्यांच्याकडे जाते. त्यांनी प्राचीन मराठीचा सखोल अभ्यास करून श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये व डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांच्यासह 'स्मृतिस्थळा'चा अनुवाद १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रीय वाङ्मय व धर्म ह्यांतील स्त्रीप्रतिमांविषयीचा त्यांनी संपादिलेला ग्रंथ १९९६ चा आहे.

ह्या चरित्रग्रंथांत स्त्रिया केवळ पाणी भरणाऱ्या वा अन्न वाढणाऱ्या नाहीत. महदाइसा पुनःपुन्हा शंका काढते आणि आचार्य तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने तिने रिद्धपुरी रचिलेले धवळे आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून मान पावले. पुढे संस्कृतात ग्रंथ रचू पाहणाऱ्या पंडिताला नागदेवाचार्यांनी थांबविले; कारण त्यामुळे म्हाताऱ्या बाया ज्ञानाला अंतरतील. पंथाच्या मराठीनिष्ठेमागे ह्या म्हाताऱ्यांचे ऋण आहे.

'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधर रजोदर्शनाचा विटाळ नाकारतात. नाक, डोळे, कान ह्यांतून मळ स्रवतो, तसाच तोही एक देहधर्म होय, असा त्यांचा निर्वाळा आहे. तथापि ह्याच परंपरेतील आचारसूत्रे विरक्त पुरुषाला स्त्रीपासून दूर राहण्याचा कठोर इशारा देतात. जिला शिष्या म्हणून जवळ बसविले, तिचेच साधकाला भयही वाटले. ह्यांपैकी एकच बाजू सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. मूळ वचनांच्या साक्षेपी अभ्यासाचे मोल हेच, की तो ह्या दोन्ही बाजू झाकू देत नाही.

वर्धापनोत्सवात गुरुपरंपरेचे स्मरण होते, ते यथायोग्यच आहे. परंतु कोणत्याही मठाचे खरे वय केवळ पीठावर बसलेल्यांवरून मोजता येत नाही. उंबरठ्याशी बसून ज्यांनी प्रश्न विचारले, ज्यांच्या स्मरणात वचने टिकली, त्या मातांचीही एक परंपरा असते. विटाळाच्या नावाखाली त्यांना आजही उंबरठ्याबाहेर थांबावे लागत असेल, तर सात शतकांपूर्वीचे ते उत्तर अद्याप ऐकलेच गेले नाही, असे म्हणावे लागेल.