मालगुजारी तलावातली मरळ



थंड मुलखातल्या डोंगरी तळ्यांवर ट्राउट नावाच्या माशासाठी शौकीन लोक दिवस दिवस गळ टाकून बसतात. १९०० च्या सुमारास हा मासा विलायतेतून काश्मिरात आणला गेला आणि तिथल्या गार पाण्यात रुजला. आपल्या नागपूरकडच्या उन्हात तो जगायचा नाही. पण आपल्याकडे मरळ आहे, आणि गळाच्या खेळात ती ट्राउटला हार जाणार नाही!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे जंगलाच्या कडेला मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या अमलात कोहळी मंडळींनी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवले, ते भातासाठी. १९५१ साली मालगुजारी गेली. नाव तेवढे राहिले. या तलावांतल्या मासेमारीवर ढिवरांची घरे चालत आली आहेत.

उन्हाळ्यात पाणी आटते, कोमट होते. रोहू-कटला त्यात कासावीस होतात. मरळीचे तसे नाही. ती वर येते, तोंडाने हवा घेते, पुन्हा खाली जाते. जाणता माणूस पाळीवर बसून हे वर येणेच हेरतो. कमळाच्या पानांशेजारी बेडकी लावलेला गळ सोडायचा. दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला की काम भागते. तो बुडाला म्हणजे लगेच हिसडा मारू नये बरं का. तिला आमिष नीट गिळू द्यावे.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात पाण्यावर कधी कधी तांबडी झाक दिसते, कुंकू सांडल्यासारखी. ती मरळीची पिले. शेकडो पिले एका जथ्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. जवळ काही हलले की ते धावून येतात. भूक नसली तरी येतात. म्हणून या दिवसांत मरळ गळाला फार सहज लागते. राखणदार काढला, की त्या जथ्यावर दुसरे मासे आणि पाखरे तुटून पडतात. घरी एक मासा येतो, तलावातली एक वीण जाते.

कोणी म्हणेल, बीज आणून सोडू. रोहूचे बीज मिळते खरे. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन माशांची वीण करवली, तेव्हापासून ते सोपे झाले. पण बहुतेक गावतलावांत मरळ आपली पिढी आपणच वाढवते. ज्याचे पोट जाळ्यावर आहे, त्याला मी काय सांगावे? तो हे माझ्याहून चांगले जाणतो. मी बोलतो आहे ते रविवारी गळ घेऊन निघणाऱ्यांशी.

गुरुजी, श्रावणात मुलांना पाळीवर न्या. तो तांबडा जथा लांबून दाखवा. किती दिवसांनी पिलांचा रंग पालटतो, ते त्यांना वहीत मांडायला सांगा.

आणि गळ टाकण्याआधी तलाव कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे, ते गावात विचारा. जथा कुठे फिरतो आहे, तेही तिथेच कळेल.